शेकरू ते पापलेट: महाराष्ट्राची मानचिन्हं नेमकी ओळखायची कशी

१ मे जवळ आला की शाळांच्या फळ्यांवर, सोसायटीच्या फलकांवर आणि व्हॉट्सॲपवर राज्याच्या मानचिन्हांचे तक्ते फिरू लागतात. नावं बहुतेक बरोबर असतात, घोळ असतो तो चित्रांत. शेकरूच्या जागी केरळच्या जंगलातली काळी-तांबडी मोठी खार, ताम्हणाच्या जागी बागेतल्या चिनाई मेंदीचा गुच्छ, ब्लू मॉरमॉनच्या जागी दक्षिण अमेरिकेतलं चकचकीत निळं मॉर्फो फुलपाखरू. शोधयंत्रावर नाव टाकायचं, पहिला देखणा फोटो उचलायचा आणि तक्त्यात चिकटवायचा, असा सगळा प्रकार.

मानचिन्ह म्हणून कुठलीतरी खार किंवा एखादं जांभळं फूल ठरवलेलं नसतं. एक नेमकी प्रजाती ठरवलेली असते आणि तिच्याबरोबर ती जिथे राहते ती जागाही येते. शेकरू म्हटलं की सह्याद्रीतलं फांदीला फांदी लागलेलं जंगल, ताम्हण म्हटलं की ओढ्याकाठ, चिप्पी म्हटली की खाडीतला चिखल. प्रजाती चुकली की हा सगळा संदर्भच निसटतो. म्हणून खाली प्रत्येकाची ओळख, आणि जिथे लावण्या-जपण्यासारखं काही आहे तिथे तेही.

आधी मुद्रेचं उरकून घेऊ, कारण कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात जपून वापरायची गोष्ट तीच. महाराष्ट्र शासनाची मुद्रा गोल आहे. मध्यभागी समई आणि भोवती देवनागरीत श्लोक. शिवछत्रपतींच्या मुद्रेवरचा श्लोक सगळ्यांना पाठ असतो: 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता, शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते'. शासनाच्या मुद्रेत पहिली ओळ तीच ठेवली आहे. दुसरीत शहाजीपुत्र शिवाजीच्या जागी राज्य आलं: 'महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते'. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, साऱ्या विश्वाला वंद्य अशी ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते आहे, असा त्याचा भाव. तक्त्यांवर हमखास होणारी गल्लत म्हणजे शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा छापून खाली 'महाराष्ट्र शासनाची मुद्रा' असं लिहिणं. अष्टकोन महाराजांचा, गोल आणि समई शासनाची. भारतीय नौदलाच्या २०२२ साली बदललेल्या ध्वजावर जो अष्टकोन आला, त्याची प्रेरणाही महाराजांच्याच मुद्रेची.

राज्याचं नाव, बोधचिन्ह किंवा अधिकृत मुद्रा धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरायला १९५० च्या बोधचिन्हं व नावांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे. सारनाथच्या सिंहांचं राष्ट्रीय बोधचिन्ह हा आणखी कडक मामला. त्याला २००५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि गैरवापराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्नपत्रिका, खासगी गाडी, 'माजी' कुणाचं तरी लेटरहेड, यांतल्या कशावरही ते वापरायला परवानगी नाही. आणि शाळेच्या तक्त्यावर काढायचंच असेल तर सिंहांखाली 'सत्यमेव जयते' हवंच. त्या ओळीशिवाय ते बोधचिन्ह अपुरं.

राज्यगीताबद्दल थोडक्यात. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत १९ फेब्रुवारी २०२३ पासून, म्हणजे शिवजयंतीपासून, अधिकृत झालं. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं आणि घराघरांत पोचलेला आवाज शाहीर साबळे यांचा. राज्यगीत म्हणून अख्खं गाणं नाही, दोन कडवी घेतली आहेत. त्यामुळे कार्यक्रमाला ध्वनिमुद्रण लावताना जुनी पूर्ण तबकडी न लावता अधिकृत छोटी आवृत्ती लावायची. नाहीतर लोक दोन कडव्यांनंतर बसायला लागतात आणि गाणं चालूच राहतं.

आता राज्यप्राणी शेकरू. शास्त्रीय नाव रातुफा इंडिका. अंगणात दिसते ती पाठीवर पट्टे असलेली खार डोक्यात ठेवून शोधायला गेलात तर फसाल. शेकरूच्या पाठीवर पट्टे नसतात, धड साधारण एक-सव्वा फूट आणि शेपूट त्याहून लांब, वजन दीड-दोन किलोच्या घरात. भीमाशंकरच्या शेकरूचा पाठीचा रंग विटकरी-तांबडा, पोट आणि छाती मलईसारखी फिकट आणि शेपटीचं टोक पांढुरकं. दक्षिणेकडे केरळ-तमिळनाडूत गेलं की त्याच प्रजातीच्या अंगावर काळे मोठे भाग येतात. तक्त्यांवर येतात ते बहुतेक तेच फोटो, कारण काळा-तांबडा-पिवळा असा रंगसंगम फोटोत उठून दिसतो. प्रजाती तीच आहे, मान्य, पण महाराष्ट्राचा तक्ता करताना भीमाशंकरचा रंग द्यायला हवा. काही फोटोंत रंग इतका चढवलेला असतो की प्राणी जांभळा दिसतो. असला फोटो सरळ टाळावा.

शेकरू शोधायचं तर पहाटेनंतरचे दोन-तीन तास किंवा चारनंतरची उन्हं. भर दुपारी ते फांदीवर पसरून झोपतं. नजर खाली नाही, शेंड्याकडे ठेवायची, आणि नजरेआधी कान लावायचे. धोका वाटला की ते कर्कश, तुटक, खडखडल्यासारखा आवाज लांबवर ऐकू जाईल असा काढतं. झाडाखाली अर्धवट कुरतडलेली फळं आणि सालपटं पडलेली दिसली की वर नक्की कुणीतरी आहे. घरटं काटक्या-पानांचं, मोठ्या चेंडूएवढं, आणि मुद्दाम बारीक फांद्यांच्या टोकाशी बांधलेलं, म्हणजे जड शिकारी तिथवर पोचू नये. एकच शेकरू आपल्या हद्दीत अशी बरीच घरटी बांधतं. पिल्लांसाठी एक, बाकीची झोपायला. त्यामुळे घरटी मोजून शेकरू मोजायला गेलं की आकडा फुगतो. गणनेत नवं-जुनं आणि वापरातलं-सोडलेलं घरटं वेगळं काढावं लागतं ते यासाठीच.

शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत जातं. एका झेपेत सहाएक मीटर सहज. म्हणजे जंगलातून रुंद रस्ता काढला आणि वरची फांद्यांची कमान तुटली, की दोन्ही बाजूंची शेकरं एकमेकांना तुटली. झाडं संख्येने तेवढीच राहिली तरी. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेलं. तिथल्या देवराया टिकल्या म्हणून ही कमान बरीचशी टिकली, असं मानायला जागा आहे.

हरियालची ओळख एका खुणेवर होते: पाय पिवळे. भारतातली बाकीची हिरवी कबुतरं, सह्याद्रीत दिसणारं राखी कपाळाचं धरून, लालसर पायांची असतात. आपल्या राज्यपक्ष्याचे पाय हळदीसारखे पिवळे, अंग पिवळसर हिरवं, डोकं राखाडी, खांद्याजवळ जांभळट डाग. दुर्बीण नसेल तर पक्षी सापडणं कठीण, कारण वडाच्या पानांत शंभर हरियाल बसले तरी झाड रिकामं वाटतं. मात्र सकाळी कोवळं ऊन पडलं की थवा उंच झाडाच्या निष्पर्ण शेंड्यावर येऊन बसतो. ती अर्ध्या तासाची संधी. पुढचा सगळा दिवस वड, पिंपळ, उंबर, नांदरुक यांची फळं खाण्यात जातो. हा पक्षी जमिनीला पाय लावत नाही, लावलाच तर पायात काडी धरतो, अशी समजूत गावोगाव आहे. काडीचं सोडून द्या, पण जमिनीवर तो खरोखर क्वचितच येतो, पाण्यासाठी वगैरे. हरियाल परिसरात हवे असतील तर दाण्याचे भांडे टांगून काही होणार नाही. तो फळं खाणारा पक्षी. एक जुना पिंपळ वाचवला तर तेवढ्याने काम होतं.

राज्यफूल ताम्हणावर जरा जास्त लिहितो, कारण मानचिन्हांपैकी आपण स्वतः लावू शकतो असं हे झाड आहे आणि लावण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात.

लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा. जारूळ म्हणूनही ओळखतात. बहर एप्रिलपासून जूनपर्यंत, त्यामुळे महाराष्ट्र दिनाला झाड ऐन फुलांत असतं. फूल हाताच्या तळव्यात मावेल एवढं, पाच ते सात सेंटीमीटरचं, बहुधा सहा पाकळ्या. पाकळीची कड चुण्यांची, कागद चुरगाळून पुन्हा उलगडल्यासारखी, आणि पाकळी बुडाशी एकदम निमुळती, देठासारखी. त्यामुळे दोन पाकळ्यांमधून आरपार दिसतं. मध्ये पिवळ्या टोकांच्या पुंकेसरांचा झुबका. रंग सकाळी गडद जांभळट-गुलाबी आणि उन्हाने फिकट होत जाणारा, म्हणून एकाच तुऱ्यावर तीन-चार छटा दिसतात. ज्या चिनाई मेंदीशी गल्लत होते ती झुडूप असते, फुलं याच्या निम्म्याहून लहान, पानंही छोटी. ताम्हणाचं पान वीतभर लांब, जाडसर, आणि गळण्याआधी तांबूस होणारं. जंगलातले त्याचे दोन भाऊबंद, नाणा आणि बोंडारा, पांढऱ्या लहान फुलांचे. त्यामुळे फुलात असताना घोटाळा होत नाही. फुलं नसताना होतो, तेव्हा खोड आणि फळ बघायचं. ताम्हणाचं फळ सुपारीएवढं, टणक, वाळल्यावर तपकिरी होऊन सहा फाकांत उकलतं आणि वर्षभर झाडावर लटकून राहतं.

बी धरायचं तर फळं तपकिरी झालेली पण अजून न उकललेली हवीत. साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. उकललेल्या बोंडातलं बी बहुतेक उडून गेलेलं असतं, कारण त्याला पंख असतो. बोंडं गोणपाटावर सावलीत पसरली की आठवडाभरात आपोआप उघडतात. उन्हात कडक वाळवू नयेत. त्यातलं पोकळ, हलकं बी पुष्कळ निघतं, म्हणून रुजण्याचं प्रमाण कमी धरूनच दाट पेरावं. माती, वाळू आणि चाळलेलं शेणखत सारख्या प्रमाणात, त्यावर बी पसरून वर अर्धा सेंटीमीटर बारीक मातीचा थर. याहून खोल गेलं की बी वर येत नाही. पाणी झारीने, नळीने नाही. उगवण काही आठवडे घेते आणि एकदम होत नाही, तेव्हा पहिल्या महिन्यात काही दिसलं नाही म्हणून वाफा मोडू नये. चार खरी पानं आली की पिशवीत न्यायचं आणि पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात, रोप कमरेएवढं झाल्यावर, जमिनीत. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, दोन झाडांत किमान सहा मीटर.

इतकं करूनही झाडं का मरतात? मुख्य कारण जागा. ताम्हण मुळात ओढ्या-नदीकाठचं झाड, कोकणात पाण्याजवळ आपसूक वाढणारं. वृक्षारोपणाच्या उत्साहात ते मुरमाड, उघड्या टेकडीवर लावलं जातं. पहिला पावसाळा हिरवागार जातो, मार्चमध्ये पानं गळतात, आणि मेपर्यंत काठी उरते. टेकडीसाठी ऐन, पळस, खैर आहेत की. ताम्हण सखल भागात, विहिरीच्या, नाल्याच्या किंवा ओल धरणाऱ्या जमिनीच्या जवळ लावावं आणि पहिले तीन उन्हाळे आठवड्याला बादलीभर पाणी द्यावं. दुसरी चूक छाटणीची. फुलांचे तुरे नव्या फुटीच्या टोकाला येतात. विजेच्या तारा मोकळ्या करायला मार्च-एप्रिलमध्ये फांद्या छाटल्या की त्या वर्षीचा बहर गेला. मुळात तारांखाली लावायलाच नको होतं, पण लावलं असेल तर छाटणी पाऊस संपल्यावर उरकावी. तिसरी, खोडाला भिडवलेला सिमेंटचा चौथरा. बुंध्याभोवती किमान तीन फूट माती उघडी राहिली पाहिजे.

राज्यवृक्ष आंबा. याची ओळख करून द्यायची गरज नाही, फक्त एक दुरुस्ती: राज्यवृक्ष आहे तो आंबा ही प्रजाती, हापूस ही जात नाही. गावच्या वेशीवरचा रायवळ तेवढाच राज्यवृक्ष. कोकणच्या हापूसला २०१८ साली मिळालं ते भौगोलिक मानांकन, आणि त्याचा राज्यवृक्ष असण्याशी संबंध नाही. लावायचा तर बाठा ताजा असतानाच. वाळवून ठेवलेला बाठा काही आठवड्यांत निकामी होतो. आणि हापूसचा बाठा लावून हापूस येत नाही. त्यासाठी कलमच लागतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रुळवलेली कोय कलमाची पद्धत, म्हणजे नुकत्याच रुजलेल्या, अजून पानं तांबूस असलेल्या रोपावर पावसाळ्यात काडी बांधणं, आज सगळीकडे चालते.

फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. साल २०१५. ब्लू मॉरमॉन, पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. मराठीत नीलवंत किंवा राणी पाकोळीही म्हणतात. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटीमीटर, देशातल्या सगळ्यात मोठ्या फुलपाखरांत गणना. मखमली काळा रंग आणि मागच्या पंखांवर फिकट निळा मोठा पट्टा, त्या निळ्यात काळे गोल ठिपके. पंख मिटले की बुडाशी लाल डाग दिसतात. मागच्या पंखाला शेपटी नसते, हे लक्षात ठेवा. शेपटी असलेलं, काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेलं दिसलं तर ते कॉमन मॉरमॉन. निळ्या-काळ्या बारीक रेघारेघांचं, संथ उडणारं दिसलं तर ब्लू टायगर. आणि अख्खे पंख धातूसारखे निळे चमकत असतील तर तो फोटो भारतातला नाहीच.

हे फुलपाखरू बागेत येतं, मुंबई-पुण्यातही येतं, पण थांबायला त्याला अळ्यांचं झाड लागतं. लिंबाच्या कुळातली झाडं: पपनस, लिंबू, जंगलात माकडलिंबू. मादी पानावर एकेक अंडं सुटं घालते. अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-पांढरी, ओलसर चमक असलेली. नंतर कात टाकून हिरवी होते. छेडलं की डोक्यामागून लाल शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माळीबुवा नेमकी याच वेळी फवारणी करतात. कुंडीतल्या लहान लिंबावर चार-पाच अळ्या झाल्या तर झाड खरंच उघडं पडतं, हे खरं आहे. उपाय फवारणी नाही. आणखी एक-दोन रोपं ठेवायची, किंवा अळ्या उचलून मोठ्या पपनसावर सोडायच्या. जमिनीतल्या, डोक्याएवढ्या झाडाला अळ्यांनी काही होत नाही. मोठ्या फुलपाखरासाठी जास्वंद, मुसांडा, इक्झोरा. पावसाळ्यात आणि पाऊस संपता संपता उडताना जास्त दिसतं. नर ओल्या मातीवर बसून क्षार शोषतात, फोटो काढायचा तो तेव्हाच, एरवी ते एका जागी ठरत नाही.

२०२० मध्ये आलेलं मानचिन्ह म्हणजे पांढरी चिप्पी, राज्याचा कांदळवृक्ष. सोनेराशिया अल्बा. खाडीकाठच्या सगळ्याच झाडांना आपण सरसकट 'कांदळवन' किंवा 'तिवरं' म्हणतो, त्यामुळे चिप्पी वेगळी काढता येणारे कमी. झाडाखाली बघा. चिखलातून पेन्सिलीसारखी बारीक मुळं वर आली असतील तर तिवर. खोडापासून कमानी करून मुळं खाली उतरली असतील तर कांदळ. चिखलातून जाड, शंकूसारखी निमुळती खुंटं वर आली असतील तर चिप्पी. फळ हिरवं, चपटं, लहान सफरचंदासारखं आणि देठाशी ताऱ्यासारखा पसरलेला फुलाचा निदलपुंज. फूल रात्री उमलतं, पांढऱ्या पुंकेसरांचा ब्रश असावा तसं, आणि सकाळी पुंकेसर गळून पाण्यावर तरंगताना दिसतात. वटवाघळं आणि पतंग परागीभवन करतात. म्हणून दिवसा गेलात तर फुलाचा फोटो मिळण्याची आशा पहाटेपुरतीच, तीही ओहोटीचं वेळापत्रक बघून.

तिची वरती आलेली मुळं श्वास घेणारी आहेत. चिखलात प्राणवायू नसतो. तिथे भराव टाकला, राडारोडा ओतला किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं, तर फांदीला हातही न लावता झाड मरतं. 'आम्ही झाडं तोडली नाहीत' हा युक्तिवाद म्हणूनच पोकळ आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली कांदळवनांची कत्तल हे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन ठरवलं आणि राज्यभर त्यांच्या तोडीला मनाई केली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मानचिन्ह ठरलं म्हणून कुठल्याही झाडा-प्राण्याला आपोआप कायद्याचं संरक्षण मिळत नाही. शेकरू आणि हरियाल सुरक्षित आहेत ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे. शहरातला ताम्हण तोडायला परवानगी लागते ती १९७५ च्या महाराष्ट्र झाडांच्या जतनाच्या कायद्यामुळे, आणि तीच परवानगी शेजारच्या गुलमोहरालाही लागते. तक्रार अर्ज लिहिताना 'राज्यफूल असलेलं झाड तोडलं' एवढंच लिहून भागत नाही, कायद्याचं नाव आणि झाडाचा घेर लिहावा लागतो. शेजारी गोव्यात हेच उलट्या बाजूने दिसलं. २०१६ मध्ये तिथल्या वृक्षजतन कायद्यात दुरुस्ती होऊन माड 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यावर गदारोळ झाला, आणि २०१७ मध्ये सरकारने त्याच माडाला राज्यवृक्षाचा मान जाहीर केला. मान देणं सोपं, खरी कसरत व्याख्येत परत आणण्याची.

राहिला मासा. २०२३ मध्ये पापलेट, पॅम्पस अर्जेंटियस, राज्यमासा म्हणून जाहीर झाला. कोकणात सरंगा. पालघरच्या सातपाटीचं पापलेट सगळ्यांना माहीत, आणि या माशाला मान मिळावा ही मागणीही तिथल्या मच्छीमारांनी लावून धरली होती. कारण साधं होतं: जाळ्यात येणारी पापलेटं लहान होत चालली होती. बाजारात 'काळं पापलेट' म्हणून विकला जातो तो हलवा. चवीला उत्तम, पण तो वेगळ्या कुळातला मासा आहे. बारकाईने बघितलं तर हलव्याच्या शेपटीजवळ दोन्ही बाजूंना कडक खवल्यांची धार हाताला लागते, पापलेटाची बाजू गुळगुळीत असते. तक्त्यावर छापायचं ते रुपेरी, चपटं, चौकटीच्या पत्त्यासारखं तिरकं, खोल दुभंगलेल्या शेपटीचं. पोटाखालचे पर पापलेटाला नसतातच, ते चित्रकार हमखास काढून ठेवतात.

राज्याने २०२३ मध्येच ५४ प्रजातींसाठी पकडण्याचं किमान माप ठरवून दिलं. पापलेटासाठी ते १३५ मिलिमीटर. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. घरातली सहा इंची पट्टी १५ सेंटीमीटरची असते. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मासा त्या पट्टीपेक्षा दीड सेंटीमीटरहून जास्त आखूड भरला तर तो मापात नाही. हे अगदी किमान माप आहे, या मापाला मासा एकदा तरी विणीला उतरलेला असतोच असं नाही. लहान पापलेटं मोठ्या प्रमाणात येतात ती बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्यांत, विशेषतः डोल पद्धतीत. प्रवाहाच्या तोंडाशी बांधलेल्या त्या पिशवीत निवड होत नाही, जे येईल ते शेपटाच्या बारीक आसात अडकतं. गळ्याशी मासा अडकवणाऱ्या जाळ्यात आसाचं माप मोठं ठेवलं की पिल्लं निसटून जातात. यांत्रिक बोटींना पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती याच सुमारास बरेच मासे विणीला येतात म्हणून.

गिऱ्हाइकाने काय करावं? बंदीच्या दोन महिन्यांत बाजारात दिसणारं पापलेट बहुतेक बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं असतं, तेव्हा त्याला ताज्याचा भाव देऊ नये. कल्ल्याची झाकणी उचलून बघावी. आत लालभडक आणि ओलं हवं, तपकिरी किंवा चिकट नको. बोटाने दाबल्यावर खळगा राहिला तर मासा उतरलेला. बारीक पापलेटाचा वाटा स्वस्त पडतो, तळायलाही सोपा, म्हणून खपतो. कोळणीला 'मोठं नाही का गं मावशी' असं सरळ विचारावं. दोन-चार जणींकडे तेच विचारलं गेलं की पुढच्या खेपेला वाटा मांडताना ती बारीक बाजूला काढते. मोठं परवडत नसेल त्या दिवशी बांगडा घ्यावा.